चांगुलपणा आणि उधारीची वही

ताई,

गुहागर तालुक्यात खाडीकाठी आमचं छोटं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. गल्ल्यावर बहुतेक मीच असते, माल आणायचं काम हे बघतात. यंदा आंब्याला मोहोर उशिरा आला, त्यात अवकाळी पाऊस झाला, त्यामुळे बागवाल्यांकडे पैसा फिरलाच नाही. बोटींनाही मासळी बेताचीच मिळाली. आता पावसाळी मासेमारीची बंदी लागली, म्हणजे खलाशांच्या घरात पैसा येणार तो नारळी पौर्णिमेनंतर. वहीवर ८७,००० रुपये उधारी झाली आहे. चिपळूणच्या होलसेलवाल्याचे आमच्याकडे ५४,००० थकलेत आणि पुढचा माल रोखीशिवाय मिळणार नाही असं त्यांनी सांगितलंय.

ह्यांचं म्हणणं, ‘भीड भिकेची बहीण. आता चांगुलपणा परवडत नाही. पाटी लावू, उधार बंद.’ मागच्या आठवड्यात एका खलाशाची बायको तेल-तांदूळ न्यायला आली. चार गिऱ्हाइकांसमोर हे तिला म्हणाले, ‘आधीचे ३,८०० दे, मग बोल.’ ती काही न बोलता गेली, ती पुन्हा आलीच नाही. त्याच वेळी होमस्टेवाल्यांचा मुलगा दोन पिशव्या भरून ‘मांडून ठेवा’ म्हणत निघून गेला. त्याला हे काहीच बोलले नाहीत. मला रात्री झोप लागत नाही.

घरात सासूबाईंना बीपी आणि शुगर आहे. मुलगा बारावी होऊन प्रवेशाच्या खटपटीत. दूध आता अर्धा लिटरच घेते, त्या दोघांपुरतं. गणपती तोंडावर आलेत. मुंबईहून दोन दीर, नणंद, त्यांची मुलं, सात दिवस पंधरा-सोळा माणसं असतात आणि खर्च आमचा, कारण गावचं घर आमच्याकडे. अडचणीचं कुणालाच सांगितलेलं नाही. ओळखीचे एक जण महिना पाच टक्क्यांनी पैसे देतो म्हणतात. घेऊ का? पाटी लावू का? वहीच्या पानांचे फोटो पाठवतेय. नावं झाकलीत, कोण काय करतं तेवढं लिहिलंय.

– एक वाचक, गुहागर तालुका

---

ताई,

वहीची पानं पाठवलीत हे फार बरं केलंत. पत्र वाचून झाल्यावर मी तीच घेऊन बसले. घरात पैशावरून वाद होतो तेव्हा ‘चांगुलपणा’, ‘व्यवहार’, ‘भीड’ असे शब्दच एकमेकांवर आदळत राहतात आणि आकड्यांकडे कुणी बघत नाही. तुमच्या आकड्यांत मला तीन नोंदी ठळक दिसल्या. बंगल्यांची कामं घेणारा ठेकेदार १९,०००. होमस्टेवाले १४,५००. मे महिन्यात लग्नाचा किराणा नेलेलं घर १२,०००. तिघांचे मिळून ४५,५०० होतात. निम्म्याहून जास्त उधारी या तीन घरांत अडकली आहे आणि त्यांतल्या एकाच्याही चुलीला मासेमारी बंदीची झळ लागत नाही. खलाशांची घरं तुम्ही अठरा लिहिलीत. त्या अठरांचे सगळे मिळून २१,०००.

आणि बोलणी खाल्ली कुणी? ३,८०० वाल्या बाईने.

यजमानांनी काढलेली म्हण खरी आहे. पण तुमच्या दुकानात भीड पडते ती ‘मांडून ठेवा’ म्हणणाऱ्यांची. त्यांच्याकडे पैसे मागायला जीभ रेटत नाही, कारण ते चार लोकांत वजन राखून आहेत, उद्या काही काम पडलं तर लागणारे आहेत. खलाशाची बायको मान खाली घालून उभी राहते, म्हणून तिच्यावर आवाज चढवणं सोपं जातं. पडता काळ आला की हे सगळीकडे असंच होतं. घरखर्च कमी करायचा म्हटलं की पहिली कात्री भांडीवालीच्या पगारावर चालते, केबल आणि हॉटेलची पाळी नंतर येते. मासे घेताना पापलेटचा भाव मुकाट्याने देणारा माणूस पाटीवालीकडच्या बांगड्यांच्या वाट्यावर दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. मला याचा मनापासून संताप येतो. तुमच्या यजमानांवर मात्र माझा राग नाही. होलसेलवाल्याने माल थांबवला म्हटल्यावर कुणीही घाबरेल, आणि घाबरलेला माणूस समोर जो दिसेल त्याला बोलतो.

म्हणून पहिलं काम वसुलीचं, आणि ते वरच्या तीन घरांपासून. दोघं मिळून जा. एकट्या यजमानांना पाठवू नका, ते चहा पिऊन परत येतील. संध्याकाळी त्यांच्या घरी जा, वहीतून उतरवलेलं बिल तारखांसकट हातात द्या आणि सरळ सांगा, ‘चिपळूणचा माल अडलाय, आम्हाला या आठवड्यात निम्मे हवेत.’ होमस्टेवाल्यांचा मे महिना नुकताच उलटलाय. त्यांचा पैशाचा हंगाम तोच असतो, आत्ता नाही दिले तर पुढे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्यांच्याकडेही हात आखडलेलाच राहील. लग्नघराचं आहेर-देणं आता उरकलेलं असणार. ठेकेदाराचे पैसे मालकांकडून टप्प्याटप्प्याने येतात, त्याच्याकडे तीन हप्ते ठरवून घ्या आणि तारखा त्याच्याच हातानं वहीत लिहून घ्या. पहिला हप्ता येईपर्यंत या तिन्ही घरांना नवं सामान रोखीनेच. नाराज होतील. थोडे दिवस फुगून बसतील. पण ज्याला गाडी काढून गुहागर बाजारात जाऊन किराणा आणता येतो, त्याच्या नाराजीची भीती तुम्ही बाळगू नका.

आता खलाशांच्या उधारीचं. इथे मला थोडं मागचं सांगावंसं वाटतं.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या कितीतरी जणांची घरं रत्नागिरी-सिंधुदुर्गात होती. आमचे वडीलही त्यांत होते, साचा खात्यात, म्हणजे मागावर. गावात महिन्याला येणारी मनीऑर्डर थांबली. पोस्टमन पाखाडीवरून आमच्या घराकडे न वळता सरळ खाली जायला लागला. तेव्हा आमच्या वाडीचं सगळं सामान एकाच दुकानातून यायचं. त्या दुकानदाराने आईला दुकानात काही म्हटलं नाही. तो एका दुपारी घरी आला, ओटीवर बसला आणि म्हणाला, “वहिनी, तांदूळ, मीठ, तेल, काडेपेटी लिहून नेत जा, मी विचारणार नाही. चहा-साखर आणि पोरांचा खाऊ मात्र पैसे हाताशी असतील तेव्हाच.” आईला ते लागलं नाही, उलट धीर आला. आपल्याला कुठवर मिळणार आणि कुठे थांबायचं, हे तिला कळलं. मे महिन्यात तिने आमसुलं सुकवली ती त्याने बाजारभावाने तोलून घेतली आणि आमच्या समोर खात्यावर वजा केली. पुढे दोन पावसाळे असंच चाललं.

त्या दुकानदाराने कुणावर उपकार केल्याचा आव आणला नाही आणि स्वतःचं दुकानही बुडू दिलं नाही. दोन्ही जमलं, कारण त्याने उधारीला हद्द घातली होती आणि ती आधीच, एकांतात सांगितली होती. तुम्हालाही मी हेच सुचवते. पोटाला लागतं ते उधारीवर: तांदूळ, डाळ, तेल, मीठ, अंगाचा-कपड्याचा साबण, लहान मुलाच्या घरात दूध पावडर. बाकी वेफर्सची पाकिटं, थंड पेयं, तंबाखू, मोबाइलचं रिचार्ज रोखीने. घराघराची माणसं बघून आठवड्याची एक रक्कम ठरवा, त्यापुढे नाही. एखाद्या घरात नवरा दारूवर उडवतो आणि बायको उधारी मागते, अशीही नोंद तुमच्या वहीत आहे. तिथेही बायकोच्या हाती तांदूळ-तेल द्या, नवऱ्याच्या नावाने काही लिहू नका.

हद्द घालताना वाईट वाटून घेऊ नका. किराण्यात सुटतं किती? १०० रुपयांच्या मालामागे ८ सुटत असतील तर बुडालेले १०० भरून काढायला आणखी १,२५० चा माल रोखीत विकावा लागतो. तांदूळ-तेलावर तर ८ सुद्धा सुटत नाहीत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. सगळ्यांना सगळं देत राहिलात तर दिवाळीपर्यंत शटर खाली येईल, आणि मग त्या अठरा घरांना चार किलोमीटरवरचं दुकान गाठावं लागेल, जिथे त्यांना कुणी ओळखतसुद्धा नाही.

वसुलीच्या तारखाही महिन्याच्या पाच-दहा अशा ठेवू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद असतात. खलाशाला वाटणी मिळते ती डिझेल-बर्फाचा खर्च वजा जाऊन, आणि बोट सुटल्यावर पहिल्या फेऱ्यांत मालकाकडून आधी घेतलेली उचल कापली जाते. म्हणजे नारळी पौर्णिमा झाली, नारळ दर्याला दिला, की लगेच पैसे येतात असं नाही. त्याच्या हातात मोकळा पैसा येतो तो गणपतीच्या आगेमागे. त्याच्या बायकोच्या हातात मात्र आत्ता, जुलैत पैसा येतो, कारण ती लावणीच्या मजुरीला जाते. तेव्हा तिच्याकडे आठवड्याला शंभर-दोनशे मागा, ती देईल. त्याच्याकडे मोठी रक्कम गणपतीनंतर. ज्याच्या हातात ज्या महिन्यात पैसा नाही त्याच्याकडे त्या महिन्यात तगादा लावला की माणूस दुकानाचा रस्ताच टाळतो. मग उधारीही बुडते आणि गिऱ्हाईकही तुटतं.

शिवाय या घरांत पैसा नसला तरी वस्तू असतात. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी करताना बायकांनी जवळा, बोंबील, सोडे सुकवून ठेवलेत. कुणाकडे आमसुलं, कुणाकडे कुळीथ, कुणाकडे आंबापोळी-फणसपोळी, कुणाच्या कोंबड्या अंडी घालतात. त्यांना जास्तीचं असेल ते बाजारभावाने खात्यावर वजा करून घ्या, त्यांच्या समोर तोलून. आणि हा माल तुम्हाला खपवायला लांब जायला नको. गणपतीला चाकरमानी उतरले की परतीच्या पिशवीत त्यांना हेच हवं असतं. आमसुलं, कुळथाची पिठी, सोडे, घरचे पापड यांचा एक कोपरा दुकानात मांडा, किलो-अर्धा किलोच्या पिशव्या करून ठेवा. मासळीचा कोपरा गणपती असेपर्यंत मागे ठेवा, विसर्जन झालं की पुढे आणा. त्या आठ दिवसांत तुमच्या गल्ल्यात रोकड येईल आणि वहीतले आकडेही खाली येतील.

आणखी एक काम आहे, त्याला पैसा लागत नाही. या अठरा घरांची रेशन कार्डं बघा. अन्न सुरक्षा कायद्यात अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. तरी खाडीपट्ट्यात कितीतरी घरांत नव्या सुनेचं नाव कार्डावर चढलेलं नसतं, मूल चार वर्षांचं झालं तरी नसतं, कुणाचं ई-केवायसी राहिलेलं असतं. तहसीलमधल्या पुरवठा शाखेत जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते आणि तिथे काय विचारतील या भीतीने बायका जातच नाहीत. तुमचा मुलगा सध्या प्रवेशाच्या फॉर्मांमध्ये बुडालेला आहेच. त्याला दुकानात दुपारी दोन तास बसवा, चार घरांचे अर्ज भरून द्या, कागदपत्रांची यादी लिहून द्या. तुमचा तांदूळ थोडा कमी खपेल हे खरं. पण उधारीवर जाणारा तांदूळ कमी गेला तर तुमचं भांडवल मोकळं होतं, आणि मोफत धान्यातून वाचलेल्या पैशाने ती बाई तेल-डाळ रोखीत नेते.

पाटी लावू नका. पाटी सगळ्यांना एकच गोष्ट सांगते आणि तुम्हाला प्रत्येक घराला वेगळं सांगायचं आहे. आणि लहान मुलाच्या हाती निरोप कधीही धाडू नका. आई पोराला पिशवी देऊन पाठवते, पोर काउंटरला नाक टेकवून उभं राहतं, आणि दुकानदार सगळ्यांसमोर त्याला म्हणतो, ‘आईला सांग, आधीचे दे.’ ते पोर रिकामी पिशवी घेऊन घरी जाताना कुणाच्या नजरेला नजर देत नाही. पोर आलं तर सामान द्या, कमी द्या, पण द्या. आईशी बोलायचं ते तुम्ही संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बोला.

त्या ३,८०० वाल्या बाईकडेही तुम्हालाच जावं लागेल. यजमानांनी माफी मागावी असं मी म्हणेन, पण ते लगेच जमेल असं दिसत नाही आणि तोवर तिच्या घरात तेल नाही. तुम्ही जा. ‘ह्यांचं चुकलं, लोकांसमोर बोलायला नको होतं’ एवढं स्पष्ट म्हणा, गुळमुळीत बोलू नका. मग हिशोब काढा. ३,८०० माफ करू नका. ती तुमच्याकडे उधार मागायला आली होती. माफ केलेत तर पुढच्या वेळी तिला तुमच्या दारात यायची लाज वाटेल. लावणीच्या मजुरीतून आठवड्याला किती देता येतील ते तिलाच विचारा, ती म्हणेल तो आकडा लिहा, आणि जाताना तेल-तांदूळ घेऊनच जा.

आता तुमच्या डोक्यावरच्या ५४,००० चं. महिना पाच टक्क्यांचे पैसे घेऊ नका, ताई. ५४,००० वर महिन्याला २,७०० नुसतं व्याज होतं, वर्षाला ३२,४००, आणि मुद्दल जागच्या जागी. तुमच्या दुकानाच्या नफ्यात हे बसत नाही. शिवाय परवाना नसताना व्याजाने पैसे द्यायचा धंदा करणं हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे गुन्हा आहे. त्या ओळखीच्या माणसाकडे परवाना आहे का, हे विचारून बघा. बहुतेक विषय तिथेच संपेल. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या ॲपच्या नादीही लागू नका. त्यांतली कितीतरी पैसे देताना तुमच्या फोनमधले सगळे नंबर मागतात आणि एक हप्ता चुकला की तुमच्या नातेवाइकांना, गिऱ्हाइकांना फोन लावत सुटतात. चुकून कुणी त्यात अडकलंच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा.

त्याऐवजी चिपळूणला समक्ष जा. फोनवर हे बोलणं होत नाही. होलसेलवाल्यालाही त्याच्या वरच्याला पैसे द्यायचे असतात, त्याला नुसती ‘देतो, देतो’ ऐकायची सवय आहे. तुम्ही जाताना वरच्या तीन घरांकडून आलेली रक्कम रोख घेऊन जा. समजा २०,००० हातात पडले तर १५,००० त्याला द्या, ५,००० चा नवा माल रोखीने उचला आणि उरलेल्यासाठी तारखा द्या. त्या तारखा तुमच्या गणपतीच्या आणि दिवाळीच्या विक्रीवर बेतलेल्या असू द्यात. बचत गटात असाल तर गटातून छोटं कर्ज घेता येईल, तिथलं व्याज या पाच टक्क्यांच्या जवळपासही नसतं. सोनं ठेवायचीच वेळ आली तर बँकेत ठेवा, पावती घ्या, आणि ते कधी सोडवायचं ती तारीख दोघांनी ठरवूनच ठेवा.

गणपतीबद्दल तुम्ही तीनच ओळी लिहिल्यात, पण त्या तीन ओळींतला ताण मला सगळ्यांत जास्त जाणवला. सात दिवस घरचे, ते मोडा असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे गणपतीचे दिवस कमी करणं म्हणजे घरात काहीतरी घडलं असं गाव धरून चालतं. पण सात दिवस पंधरा माणसांचा खर्च एकट्या घराने सोसावा हे कुठे लिहिलंय? घर तुमच्याकडे आहे म्हणजे कौलं बदलण्यापासून पडवी सारवण्यापर्यंतचा वर्षभराचा त्रासही तुमच्याकडेच आहे. दिरांना आणि नणंदेला हे माहीत नाही, कारण तुम्ही कधी बोलला नाहीत. मुंबईच्या माणसाला गावचं दुकान म्हणजे गल्ला भरलेलाच वाटतो.

मोठ्या दिराला बोलायचं अवघड वाटत असेल तर नणंदेला आधी फोन करा. तिला सांगा, यंदा दुकानाची ओढाताण आहे, तेव्हा तेल, डाळी, रवा, साखर आणि पूजेचं सामान तुम्ही तिघांनी वाटून आणा. भात, भाजी, नारळ घरचे. नणंद माहेरचं ऐकते. मखराच्या थर्मोकोलवर, लायटिंगवर, फटाक्यांवर यंदा काहीच घालू नका. गणपतीच्या डोक्यावर रानफळा-फुलांची माटवी बांधा. तेरडा, कवंडळं, सुपारीचे घोस, नारळ, हे सगळं परड्यात आणि रानात मिळतं, आणि मुंबईची मुलं ते आणायला तुमच्या मुलाबरोबर हौसेने जातील. भजनाला वाडीतली माणसं येतील त्यांना उसळ-पाव आणि चहा पुरे. भजन मात्र बंद करू नका, खर्चाच्या नावाखाली तर अजिबात नाही. वाडी एकदा घरात यायची थांबली की अडीअडचणीला हाक मारायला माणूस उरत नाही.

दुधाचं वाचून मी थोडी थांबले. अर्धा लिटर, सासूबाई आणि मुलापुरतं. यजमानांचं नाव त्यात नाही आणि तुमचंही नाही. त्यांना दुकानाबाहेर चहा मिळत असेल, तुम्हाला गल्ल्यावर बसून काय मिळतं? बाईने स्वतःच्या ताटातलं आधी कमी करायचं ही आपल्या घरांची जुनी रीत आहे आणि ती रीत मला मान्य नाही. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत तुम्ही उभ्या असता. तुम्ही आजारी पडलात तर दुकान दुसऱ्या दिवशी बंद. दूध नाही परवडत तर खात्यावर वजा करून घेतलेल्या अंड्यांतलं रोज एक तुम्ही खा, कुळथाची पिठी जेवणात ठेवा, नाचणीची आंबील प्या. पण काहीतरी अंगाला लागेल असं खा. आणि सासूबाईंच्या गोळ्या खासगी दुकानातून घेत असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तिथे मिळतात.

मुलाला सगळा हिशोब दाखवा. अठरा वर्षांच्या मुलापासून वही लपवण्यात काही अर्थ नाही. त्याला कुठल्या कॉलेजात घालायचं, हॉस्टेलचा खर्च झेपेल का, हे त्याच्या समोर ठरलं तर तो तुमच्यावर रुसणार नाही. त्याच्या शिक्षणाला कात्री लावू नका एवढंच सांगते; नवा मोबाइल, गाडी, मित्राच्या लग्नाचे कपडे हे वर्षभर थांबेल.

राहिले यजमान. ‘चांगुलपणा परवडत नाही’ असं म्हणणारा माणूस इतकी वर्षं त्या वहीवर उधारी लिहीत होता, हे विसरू नका. ८७,००० काही एका रात्रीत झाले नाहीत. म्हणजे आडात चांगुलपणा आहेच, सध्या फक्त पोहऱ्यात येत नाहीय. त्यांना वादात हरवायला जाऊ नका. रात्री शटर ओढल्यावर सासूबाई झोपल्या की दोघं वही घेऊन बसा. आधी वरच्या तीन नावांची बेरीज त्यांनाच करू द्या. तो ४५,५०० चा आकडा त्यांच्या तोंडून आला की पुढचं बोलणं सोपं जाईल. पैशाच्या काळजीने आपल्याकडचे पुरुष गप्प होतात, जेवण टाकतात, रात्री अंगणात बिड्या ओढत बसतात आणि विचारलं तर ‘काही नाही’ म्हणतात. तसं काही दिसत असेल, जगण्यातलाच रस गेल्यासारखं बोलत असतील, तर वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. लावायला तुम्ही स्वतः लावा आणि फोन त्यांच्या हातात द्या.

माहेरी भाऊ असेल तर त्यालाही कळू द्या. पैसे मागायचे नाहीत तर मागू नका, पण वही बघायला, ठेकेदाराकडे सोबत जायला एक घरचा माणूस असला की यजमानांनाही बळ येतं. तुम्ही अठरा घरांना अडचणीत हात देता आणि स्वतःची अडचण मात्र एकाही घराला कळू देत नाही, हे काही बरोबर नाही.

आता क्रम सांगते, कारण सगळं एकदम करायला गेलात तर काहीच होणार नाही. आज रात्री वही. उद्या संध्याकाळी होमस्टेवाले, कारण पैसे मिळायची शक्यता तिथे सगळ्यांत जास्त, आणि परत येताना त्या बाईच्या घरी. पुढच्या तीन-चार दिवसांत लग्नघर आणि ठेकेदार. हातात काही रक्कम आली की त्याच आठवड्यात चिपळूण. रेशनचे अर्ज त्यानंतर, लावणी आटोपून बायका घरी असतील तेव्हा. नणंदेला फोन मात्र आजच करा. तिला मुंबईहून सामान आणायचं तर महिन्याचा पगार घरात यायच्या आधी कळलेलं बरं.